फाळक्याची कडी

गोमतीबाईच्या भित्रेपणावर मानोऱ्याजवळच्या त्या तांड्यात वर्षभर जेवढी चर्चा झाली, त्याच्या पावपटही गाडीवाल्या पवनच्या पिकअपच्या फाळक्यावर झाली नाही. संताप येतो तो याचाच.

गेल्या सोयाबीन सोंगणीत धनजकडच्या शेतांवर बाया नेताना त्या पिकअपचा मागचा फाळका चालत्या गाडीत उघडला. त्याला टेकून बसलेली संगीता, गोमतीची धाकटी जाऊ, रस्त्यावर पडली आणि जागीच गेली. फाळक्याची एक कडी तुटलेली होती आणि तिच्या जागी जुन्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती. संगीताचा जेवणाचा डबा गोमतीच्या मांडीवर तसाच राहिला. लोक म्हणाले, तिची वेळ आली होती. वेळ आली होती म्हटलं की कडीबद्दल कोणी कोणाला विचारायचं कारण उरत नाही.

तेव्हापासून पिकअपचा हॉर्न ऐकला की गोमतीच्या छातीत धडधड सुरू व्हायची, हातापायांना मुंग्या यायच्या, श्वास पुरायचा नाही. नवरा किसनसिंग तिला भगताकडे घेऊन गेला. भगत म्हणाला, जावेनं धरलंय, आणि गळ्यात गंडा बांधला. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. पवनची गाडी मात्र आठ दिवसांत पोलीस ठाण्यातून सुटली ती थेट बायांच्या फेऱ्यांनाच लागली. त्यानं चिंधी तेवढी नवी बांधली. वर गोमती दिसली की विचारायचा, “काकी, गाडीत नाही बसत तं विमान बलावू काय?” आणि सगळे हसायचे. हसणाऱ्यांत त्याच गाडीत बसणाऱ्या बायाही होत्या.

मानोऱ्यात चंदाबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये दर रविवारी येशूची प्रार्थना चालते. तिथं कोणी हसत नाही असं ऐकून गोमती गेली. हसलं कोणी नाही, हे खरं. पण दोघातिघांनी डोक्यावर हात ठेवून भीतीच्या आत्म्याला निघून जायला सांगितलं आणि तिला बजावलं, विश्वास ठेव आणि उद्याच गाडीत बस. म्हणजे इथंही खोट तिच्यातच निघाली! गोमती शेवटपर्यंत खाली मान घालून बसली.

सगळे गेल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता चंदाबाई तिच्याजवळ टेकली.

“तुले नेमकं कायचं भेव वाटते वं? येशूले त्या भेवाचं नाव सांग.”

“गाडीचं.”

“गाडीचं, का गाडीतल्या कायचं?”

गोमतीला रडू फुटलं. “फाळक्याचं, मावशी. त्या चिंधीचं.”

“मंग हे भेव कायले काढाचं? हे तं देवानंच देलं हाये. दुसरं काई?”

“पवनले बोलाचं भेव वाटते. त्यानं कामावर नेणंच बंद केलं तं?”

“हे काढाले सांग येशूले. रोज सांग.”

गोमतीनं वर्षातला उरलेला काळ रोज सकाळी चुलीपुढे बसून तेवढंच मागितलं. एवढं नेमकं तिला आजवर कोणी विचारलंच नव्हतं, याचाही तिला राग येत होता. तोही राग तिनं येशूलाच सांगितला.

यंदाची सोंगणी लागली. हॉर्न वाजला तसा छातीत ठोका पडलाच. तरी ती विळा आणि डबा घेऊन गेली आणि पिकअपच्या मागे उभी राहिली. बाया आधीच बसल्या होत्या. तिनं चिंधीवर हात ठेवला.

“पवन, अदुगर कडी लाव. मंग बसू आमी.”

“काकी, तुयं भूत अजून उतरलं नाही काय?”

“भूत नाही रे. कडी नव्हती म्हून संगीता गेली. तिचा डबा माया मांडीवर होता.”

“तुले नाही याचं तं नको येऊ. चला वं, बसा नीट.” पवननं गाडी सुरू केली.

गोमती मागच्या चाकाशी रस्त्यावरच बसली. प्रभू, जवळ राहा, एवढंच तिच्या ओठांवर होतं. आता गाडी निघून जाणार आणि उद्यापासून आपल्याला कोणी कामावर नेणार नाही, हे तिला दिसत होतं. ती तरीही उठली नाही.

तेवढ्यात वरून एक डबा खाली आला. गाडीत बसलेली गोपीबाई वाकून म्हणाली, “धर वं माया डबा. उतरतो मी.”

मग दुसरा डबा आला, मग तिसरा. गोमतीची मांडी भरली, बाकीचे डबे तिनं धुळीत शेजारी मांडले. सगळ्या बाया उतरल्या. पवननं शिव्या देत रिकामी गाडी वेल्डिंगच्या दुकानाकडे पळवली.

कोणीतरी चहा ठेवला. तो पिऊन कपबशा विसळून होईतो पवन नवी कडी लावून परतला.

गोमती फाळक्याला लागून बसली, संगीताच्या जागी. तिनं कडी दोनदा हिसकून पाहिली. कडी जागची हलली नाही.

“एवढंसंच काम होतं वं,” ती गोपीबाईला म्हणाली, आणि धनज येईपर्यंत रडत राहिली. भीतीनं नाही.