कापसामागचा टीव्ही

लहानपणीच्या कार्टूनच्या गप्पा निघाल्या की मी गप्प बसते. माझ्या वयाची माणसं अशा गप्पांत लगेच विरघळतात. कोणी शीर्षकगीत गुणगुणतं, कोणी राक्षसाचा आवाज काढून दाखवतं, आणि मग सगळे मिळून हल्लीच्या मुलांना नावं ठेवतात. माझी पंचाईत अशी, की मला प्रत्येक मालिकेची सुरुवात आठवते, शेवट आठवतो आणि मधलं काहीच माहीत नाही. आमच्या घरी हिवाळाभर टीव्ही बंद असायचा. नुसता बंद नाही, गाडलेला असायचा. आणि त्याच टीव्हीवर मी एकदा एक वाक्य बोलले, त्या वाक्यानं माझं सासर ठरवलं. माहेरी हा किस्सा अजून हसत हसत सांगतात. मला अजून राग येतो.

आमचं गाव बाभुळगाव तालुक्यातलं. घर तीन खोल्यांचं, त्यातली समोरची मोठी. कापूस वेचून आला की त्या खोलीत भरायचा. त्या वर्षांत भाव असे पडले होते की जो तो घरात कापूस भरून बसलेला. आज चढेल, उद्या चढेल. मोठी माणसं रेडिओवरच्या बातम्या हळू आवाजात ऐकायची आणि आम्ही पोरं खोलीत आलो की रेडिओ बंद करायची. दिवाळीच्या सुमारास कापूस गुडघ्याएवढा असायचा, मग कमरेएवढा, आणि संक्रांत येईतो खिडकी बुजून जायची. टीव्ही त्याच खोलीत, मागच्या भिंतीच्या कोनाड्यात. काळा-पांढरा, लहानसा. एक दिवस त्याच्या डोक्यावरची क्रोशाची जाळी दिसेनाशी झाली की समजायचं, आता होळीपर्यंत राम राम.

टीव्ही बाहेर काढूनही उपयोग नव्हता. बाबांना आगीची भयंकर भीती. कापसानं भरलेलं एक घर पेटताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे कापूस घरात आला की बल्ब उतरायचे, बोर्डाचा फ्यूज निघायचा आणि तो बाबांच्या सदऱ्याच्या खिशात जायचा. मायची चूल अंगणात. बिडी ओढणारा पाहुणा फाटकातूनच वाटेला लागायचा. "कापूस जाईस्तोवर टीव्ही नाई," हा कायदा, आणि त्यावर अपील नव्हतं.

धाकटा भाऊ शेजारी जाऊन पाहून यायचा. मला मात्र अकरावं सरलं तसं ते बंद झालं. "पोरीच्या जातीनं लोकाच्या घरी टीव्हीसाठी बसू नाई," असं माय म्हणायची. भावाला म्हणावं, काय झालं रे आज, तर तो एवढंच सांगायचा, "लय मजा आली." असा दगड भाऊ कोणाला मिळू नये.

रविवारी सकाळी दोन गोष्टी लागायच्या. आधी एका अस्वलाच्या पिल्लाचं कार्टून. ते पिल्लू आईपासून चुकलेलं आणि घर शोधत फिरणारं. दिवाळीआधी मी त्याला एका रुंद नदीच्या काठावर रडताना सोडलं होतं. होळीनंतर टीव्ही उघडला तेव्हा ते एका वेगळ्याच जंगलात, वेगळ्याच अस्वलांबरोबर मध खात होतं. नदी त्यानं कशी पार केली, ते नवे लोक कोण, आई मिळाली की त्यानं शोधणंच सोडलं, मला आजतागायत कळलेलं नाही.

त्यानंतर नागपूरहून मुलांचा कार्यक्रम लागायचा. तो खरा आपला वाटायचा. मागे डोंगराचा रंगवलेला पडदा, आणि पंखा सुरू असला की डोंगर हलायचा. सतरंजीवर कुठल्यातरी शाळेची पोरं, मधे एक हसरी ताई, आणि तिच्या हातावर कापडी कावळा. कावळ्याचा एक डोळा सैल होता, तो बोलताना लोंबायचा. पण तो कावळा आमच्यासारखं बोलायचा. "काहून गा? कायले रडतं?" असं टीव्हीतून ऐकू आलं की माय चुलीवरून उठून दारात यायची. टीव्हीवरची बाकी सगळी माणसं पुस्तकातून बोलायची, हा एकटा आमच्या गल्लीतून.

मी सातवीत असताना आमच्या शाळेला त्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. ऐन थंडीत, म्हणजे घरात कापूस खिडकीपर्यंत असताना. गुरुजी आम्हा निवडक पोरांना एसटीनं नागपूरला घेऊन गेले. आम्ही समूहगीत म्हटलं. डोंगर जवळून पाहिला, तो चादरीवर रंगवलेला होता. मग ताईनं एकेकाला प्रश्न विचारले. मोठं झाल्यावर कुठे राहायला आवडेल? एक म्हणाला मुंबई, एक म्हणाला चंद्रावर, एक म्हणाला मामाच्या घरी. माझी पाळी आली. मी म्हणाले, "जिथं कापूस नाही तिथं."

सगळे हसले. कावळा माझ्याकडे वळला, "काहून व बाई?" आणि मी सांगून टाकलं. आमचे बाबा कापूस विकतच नाहीत, आणि कापूस असला की टीव्ही दिसत नाही, आणि ते अस्वलाचं पिल्लू नदीच्या काठावर आहे, त्याचं पुढे काय झालं ते मला कळत नाही. ताईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. परतीच्या एसटीत गुरुजी एवढंच म्हणाले, "घरची गोष्ट अशी चारचौघांत सांगतात का?" तेव्हा कुठे मी काय करून बसले ते मला कळलं. सारा जिल्हा ऐकणार, की आमचे बाबा कापूस विकत नाहीत.

पहिल्यांदाच मला वाटलं, टीव्ही कापसामागेच राहो. देवाला तसं मागितलंही. रात्री त्याच कापसावर गोधडी टाकून आम्ही झोपायचो. ऊब अशी की पौषातही पाय पोटाशी घ्यावे लागत नसत. अंग मात्र खाजायचं. मी खाजवत पडून राहायचे आणि पायाशी, कापसाच्या तळाशी, तो टीव्ही आहे याचा मला आधार वाटायचा. एवढा कापूस उपसणार कोण?

पण गावात बातमी पसरली होती. ट्रॅक्टर दुरुस्त करणारे एक चाचा आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायचे, बाबांचे जुने दोस्त. आमचा कार्यक्रम लागणार होता त्या रविवारी ते सकाळीच खांद्यावर ट्रॅक्टरची बॅटरी घेऊन अंगणात उभे. "पोट्टी टीव्हीवर येऊन राह्यली अन् तू टीव्ही गाडून बसला? शरम कर बे! बॅटरीवर चालवू, आंगनात. तुह्या घरात ठिणगी बी नाई पडत."

बाबा आधी नाही म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांना आशा वाटली असावी. ते आत गेले आणि दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागले. मायनं चादरी पसरल्या. बाबा आधी कंबरेपर्यंत आत गेले, मग नुसते तळपाय दिसायला लागले, आणि शेवटी टीव्ही छातीशी धरून उलटे उलटे बाहेर आले. डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर कापूस. मी इतकी घाबरलेली असूनही हसले. तेही हसले. बाबांना तसं हसताना मी त्या दोन-तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

टीव्ही बैलबंडीवर ठेवला. चाचांनी तारा जोडल्या. अर्धी गल्ली अंगणात. भाऊ पुढे बसलेला, जणू त्याचंच स्वागत होतं. डोंगर हलला, कावळा आला, आमचं गाणं झालं. मग प्रश्न. मी डोळे मिटून घेतले आणि माझाच आवाज ऐकला, "जिथं कापूस नाही तिथं."

टीव्हीतले हसले, अंगणातले हसले. आता पुढचं येणार म्हणून मी ओठ दातांखाली धरले. पण पुढचं आलंच नाही. कावळ्यानं पंखांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या पोराची पाळी सुरू झाली. माझं कारण त्यांनी कापून टाकलं होतं. बाबा, विकणं, अस्वल, नदी, सगळं गेलं. मला इतकं हलकं वाटलं की मी मायला मिठी मारली. सुटले बुवा, असं वाटलं.

बाबा हसले नव्हते. रागावलेही नव्हते. ते बंडीला टेकून टीव्हीकडे पाहत राहिले, कार्यक्रम संपून बातम्या लागल्या तरी. मग त्यांनी चाचांना तारा गुंडाळायला मदत केली आणि टीव्ही पुन्हा आत नेऊन ठेवला. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हणजे "तुम्ही कापूस विकत नाही" हे तोंडावर म्हणायचं. होळीच्या आधी कापूस गेला, पडेल त्या भावात गेला, आणि मी समजले, ते वाक्यही त्याच्याबरोबर गेलं.

माझं लग्नाचं वय झालं तेव्हा पहिलं स्थळ आलं ते तालुक्यातलंच, आमच्या पुढच्या थांब्यावरच्या गावचं. मुलगा मी एसटी स्टँडवर पाहिलेला होता. एका म्हातारीचं गाठोडं वर चढेपर्यंत त्यानं गाडी अडवून धरली होती आणि कंडक्टरशी असा कडाकडा भांडला होता की मला तो तिथंच आवडला. मायच्या हाकेवर असलेलं गाव, ओळखीची शिवारं, आवडलेला माणूस. मी आतल्या दाराआड उभी राहून ऐकत होते आणि माझे कान तापले होते.

बाबा बाहेर म्हणाले, "पाव्हणं, राग नका मानू. पोरगं तुमचं सोन्यासारखं हाय. पन तुमच्या घरी कापूस हाय. अन् माह्या पोरीनं लहान असतानीच साऱ्या जिल्ह्यासमोर सांगतलं हाय, जिथं कापूस नाई तिथं राहीन म्हून. इचारा या चाचाले."

चाचांनी मान डोलावली. "बराबर हाय. टीव्हीवर सांगतलं हाय तिनं."

घरात बोललेलं वाऱ्यावर जातं, पण टीव्हीवर बोललेलं आमच्या गावात कागदावरच्या शिक्क्यासारखं. पाहुण्यांनीही ते मानलं. चहा पिऊन उठले. मी आत मायचा पदर धरला, म्हटलं, "माय, तसं नव्हतं ते. मले चालते कापूस." मायनं दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "इतकी वर्सं ध्यानात ठेवलं त्याईनं. चांगली चांगली स्थळं मोडून राह्यले तुह्यासाठी. आता तू उलटं बोलशीन त त्या मानसाले काय वाटन?" तिचं काही चुकलं असंही मला म्हणता येत नव्हतं. आणखी दोन स्थळं आली, दोन्ही कापसाची, दोन्ही त्याच वाक्यावर परत गेली. मी प्रत्येक वेळी दाराआडच होते.

शेवटी वणीकडचं राजूर. मुलगा कोळसा खाणीत नोकरीला, राहायला क्वार्टर. बाबा स्वतः जाऊन कॉलनी फिरून आले आणि आनंदानं म्हणाले, "एक बोंड बी नाई दिसत तिथं." लग्नात आमच्याकडे लेकीला घरच्या कापसाची गादी देतात, मायनं त्यासाठी उत्तम कापूस बाजूला काढून ठेवला होता. बाबांनी तो परत ढिगात टाकला आणि यवतमाळहून फोमची गादी आणली. कापसाच्या गावातून फोमची गादी टेम्पोवर चढताना पाहून लोक हसले. बाबांना त्याची फिकीर नव्हती. पोरीचा शब्द राखला म्हणून ते ताठ उभे होते.

नवरा चांगला आहे, हे सांगून टाकते, नाहीतर लोक भलतंच समजतात. पण क्वार्टरच्या खिडक्या मी बाराही महिने बंद ठेवते. उघडल्या की चादरीवर काळी पूड बसते, वाळत घातलेले पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत राखाडी होतात. फोमच्या गादीवर थंडीत पाठ गार पडते. घरात रंगीत टीव्ही आहे, केबल आहे, दिवसभर कार्टून लागतात. ते अस्वलाचं पिल्लू कुठल्याच चॅनलवर नाही. मी शोधलं आहे.

मागच्या पौषात बाबा आले. आता थकलेत. चहा घेताना त्यांनी खोलीभर नजर फिरवली, नेहमी फिरवतात तशी, आणि समाधानानं विचारलं, "पायतं ना आता टीव्ही बाराही मयने?"

"पायते, बाबा."

आणि का कोण जाणे, त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, पुढच्या टायमाले येसान त थोडा कापूस आनजा. गादीपुरता."

त्यांनी कप खाली ठेवला. बंडीला टेकून टीव्हीकडे पाहिलं होतं तसंच ते माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग पयलेच काहून नाई सांगतलं, बाई?"

काय सांगणार? तुला कुठे राहायचंय, असं मला जन्मात एकदाच विचारलं गेलं. एका कापडी कावळ्यासमोर. तेव्हा मी सातवीत होते, आणि मला कार्टून पाहायचं होतं.