दारापर्यंत सोडायला

आई पाच दिवस मुलुंडच्या हॉस्पिटलात खाटेला चिकटून होती. खुबा मोडला होता. ऑपरेशन उत्तम झालं, पण बाई उठायला तयार नाही. डॉक्टरांनी मला बाहेर नेऊन सांगितलं, "आता चालल्या नाहीत तर कायमच्या अंथरुणाला खिळतील." फिजिओथेरपीची जान्हवी वॉकर घेऊन आली की आई डोळे मिटून घोरायची. चक्क खोटं! आणि मी काय करत होते? मोसंबीचा रस चमच्याने भरवत होते. आराम कर गं, आराम कर. सेवेच्या नावाखाली मी तिची वाट लावत होते.

त्या वॉर्डात सुगंधा मावशी होत्या. मूळच्या मालवणच्या, वीस वर्षं इथे आया. ठेंगण्या, आवाज मात्र जिन्यापर्यंत जाणारा. भेटायला येणाऱ्यांच्या कानाशी लागून त्या काहीतरी कुजबुजायच्या. मला पहिल्या दिवसापासून आगाऊ वाटल्या.

सहाव्या दिवशी आमच्या शेजारच्या पद्मजाकाकू आल्या. अर्धा तास बसल्या, उठल्या आणि निरोप न घेताच दाराकडे निघाल्या. मी बघतच राहिले. तेवढ्यात मावशी कमरेवर हात ठेवून आईसमोर उभ्या.

"माणिकताई, पावणे चलले. दारापर्यंत सोडूक नको?"

आमच्या घरातून पाहुणा कधी एकटा बाहेर पडलेला नाही. अंगात ताप असो, गॅसवर दूध असो, आई दारापर्यंत जाणारच. ती माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीस? हात दे!" जान्हवी वॉकर घेऊन तयारच होती. त्या तिघींचं सगळं आधी ठरलेलं.

बावीस पावलं. आई घामाने निथळली, पण थांबली नाही. दारात काकू वाट बघत होत्या, आणि मग आपल्याकडे होतं तेच झालं. खाटेजवळ अर्धा तास न सुचलेल्या गप्पा दारात सुरू झाल्या. सोसायटीची टाकी, काकूंची सून, बिघडलेलं लोणचं. आई चांगली पाच मिनिटं उभी होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मला रडू फुटलं.

मग मी वॉर्डभर पाहिलं. भेटीची वेळ संपत आली होती आणि दाराशी पाच-सहा पेशंट आपापल्या माणसांना निरोप देत उभे होते. एवढी वर्षं ही बाई एका साध्या रीतीच्या जोरावर माणसं उभी करत होती!

"मावशी, हे सुचलं कसं तुम्हाला?"

त्या चादर बदलत होत्या. "माझी आवस, आई माझी, अशीच खाटेर पडान गेली. आमी तिका उठाकच दिलाव नाय. लय जपलाव."

हातातला रसाचा पेला मी खाली ठेवला.

घरी जायच्या दिवशी मावशी आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आल्या. रिक्षा उभी होती. मी आईला आत बसवणार, तर तिने वॉकर हळूहळू उलट्या दिशेला वळवला.

"चला सुगंधाबाई, तुम्हाला लिफ्टपर्यंत सोडते."

मावशी हसत तिच्या बाजूने चालू लागल्या. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला, आणि त्या दोघी गप्पा मारत आत गेल्या.