मागं जायचं बटण

कुणी हे वाचलंच तर शुद्धलेखनाच्या चुका पदरात घ्याव्यात. शाळा चौथीत सुटली, आणि अक्षर माझं तेव्हाही वाईटच होतं. त्यानंतर लिहायचं काम पडलं ते फुलांच्या गिऱ्हाइकांची नावं चिठ्ठीवर टाकण्यापुरतं. पण शरयूला जाऊन महिना उलटून गेला आणि तिच्याबद्दल घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. माझ्याशी तर नाहीच. म्हणून लिहायला बसले.

शरयू माझी धाकटी जाऊ, संदीप भाऊजींची बायको. ती गेली तेव्हा मी तिच्या उशाशी होते, त्यामुळे मला कुणी बातमी दिली नाही. बातमी मीच दिली. सकाळची वेळ होती. भाऊजी अंगणात पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर उघडून बसले होते. मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाले, "झालं ना तुमच्या मनासारखं?" ... त्या दिवसापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. चहा ठेवला तर घेतात, ताट वाढलं तर जेवतात. आमच्या यांच्याशी बोलतात, आईंशी बोलतात. मी समोर आले की नजर झेंडूच्या वाफ्याकडे. ते असं का म्हणाले ते कळायला शरयू कोण होती हे सांगायला हवं.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला. गुलाब, झेंडू, थोडा भाजीपाला. शरयू नाशिक शहरातली, कॉम्प्युटर शिकलेली. ती मळ्यात राहील असं कुणालाच वाटलं नव्हतं. तिनं आल्या आल्या गच्चीवर इंटरनेटचा डबा बसवून घेतला आणि मधल्या खोलीत टेबल टाकलं. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती मोबाईलवरचे खेळ लिहायची. म्हणजे खेळातली माणसं काय बोलतील, काय करतील, ते. सासूबाईंना हे काही केल्या पटेना.

"खेळायचा पगार देत्यात व्हय?"

"खेळायचा नाही आई, खेळ बनवायचा."

"म्हंजी दुसरं कुणीतरी खेळणार. मग ती माणसं काम कवा करत्यात?"

शरयू एवढी हसली की तिला ठसका लागला. पुढे कित्येक दिवस पुण्याच्या मैत्रिणींना फोनवर तेच सांगायची.

कंपनीचं काम संपलं की ती स्वतःचा एक खेळ लिहायची, मराठीत. त्याला नाव ठेवलेलं नव्हतं. त्यात मारामारी नव्हती, गाड्या नव्हत्या. धरणात बुडणारं एक गाव आणि तिथली एक म्हातारी, तान्हाबाई. गाव सोडायचा दिवस येतो. ट्रकमध्ये एकतर घराचे पत्रे मावतात, नाहीतर म्हातारीची म्हैस. तान्हाबाई खेळणाऱ्याकडे बघते, आणि खाली तीन ओळी येतात. म्हैस व्यापाऱ्याला द्यायची, डोंगरावर मोकळी सोडायची, की आज दावणीलाच ठेवून उद्या परत यायचं. आपण ज्या ओळीवर बोट ठेवू तसं पुढे घडतं.

हा खेळ पहिल्यांदा मला खेळायला दिला. दुपारी आम्ही शेडमध्ये हार ओवायला बसायचो, तिथे ती आली आणि मोबाईल माझ्या हातात दिला. मी हात पुसून घेतला. म्हटलं, "मला कशाला गं? मला काय कळतं त्यातलं?" तर म्हणाली, "ज्यांना कळतं ते पटापटा दाबतात, ताई. मला तुम्ही हव्यात."

मला वाचायला वेळ लागतो. त्या तीन ओळींखाली एक पिवळी पट्टी होती, ती हळूहळू कमी होत जायची. मी दुसऱ्या ओळीवर होते तेवढ्यात पट्टी संपली आणि म्हातारीच्या मुलानं म्हैस विकून टाकली. मी ओरडलेच, "अगं, मी वाचतेय अजून! यानं कुणाला विचारून विकली?" शरयू हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही. म्हणाली, "घरात पण तुमचं असंच होतं ना ताई? तुम्ही मनाशी जुळवेपर्यंत बाकीचे ठरवून मोकळे." मी सुईत दोरा ओवत बसले.

तिनं पट्टी लांब केली. मग मी परत खेळले, आणि आता पट्टी लवकर सरत नव्हती तरी माझं बोट खाली जाईना. मी विचारलं, "यातलं बरोबर कुठलं?" ती म्हणाली, "बरोबर असं कुठलंच नाही." मग मी म्हटलं, "थांब, संध्याकाळी यांना विचारून सांगते." खरंच म्हटलं. म्हैस विकणं हा घरातल्या पुरुषांचा विषय, मी परस्पर कशी ठरवू? शरयू माझ्याकडे बघत राहिली. चिडवलं नाही तिनं. नुसतं म्हणाली, "तान्हाबाईनं तुम्हाला विचारलंय. दादांना नाही."

शेवटी मी म्हैस डोंगरावर सोडली. मला वाटलं, सुटले. पण पुढे, बऱ्याच पुढे, पत्र्याच्या नव्या वसाहतीत तान्हाबाई दिवेलागणीला भाकरी करत असते आणि लांबून घंटेचा आवाज येतो. ती दार उघडते. कुणी नसतं. दुसऱ्या दिवशी परत तसंच. तिला झोप येत नाही, मुलाशी भांडते, सून माहेरी निघून जाते... आणि हे सगळं मी बोट ठेवल्यामुळे. मी पदर तोंडाला लावून रडले. बरोबरच्या बायका म्हणाल्या, मोबाईलवर काय बघितलं बाई असं? मी शरयूला म्हटलं, "मला मागं जायचंय. कुठलं बटण दाबू?"

"ते बटण नाहीये, ताई."

त्या बटणावरून तिचं पुण्याच्या मैत्रिणींशी भांडण चालू होतं. त्यांचं म्हणणं, लोक चिडतील, खेळ काढून टाकतील, मागं जायची सोय ठेव. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "ठेव बाई, जीव जळतो." तर टाळी वाजवून म्हणाली, "जळतो ना? मग नाही ठेवत!"

तेव्हा ती आजारी होती. पोटातली गाठ एकदा काढून झाली होती, ती परत आली होती. उपचार चालू होते, केस गेले होते, डोक्याला माझीच जुनी ओढणी गुंडाळून बसायची. भाऊजी तिला घेऊन दवाखान्यात जायचे, यायचे, आणि वाटेत कुणी विचारलं तर म्हणायचे, "लय फरक हाय आता." तिच्यासमोरही तेच म्हणायचे. तिनं दुसरं काही बोलायला तोंड उघडलं की म्हणायचे, "तू गप. तू फक्त बरी हो."

एक दिवस हार ओवता ओवता ती म्हणाली, "ताई, मला श्वासाला मशीन लावायची वेळ आली, तर नको म्हणायचं. घरी आणायचं. हे तुम्ही सांगायचं."

माझ्या हातातली सुई बोटात गेली. "मी? मला कोण विचारतं?"

"कुणी विचारणार नाही. म्हणूनच सांगते, विचारायची वाट बघू नका."

"भाऊजींना सांग की. नवरा आहे तुझा."

त्यावर ती जे बोलली ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. पुढे सांगते.

श्रावणात तिला ताप भरला तो उतरेचना. दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी ती हाक मारली तरी डोळे उघडेना, श्वास मोठमोठ्यानं चालला होता. डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घाईत होते. म्हणाले, आता आत नेऊन नळी घालावी लागेल, मशीनवर ठेवावं लागेल. नळी घातली की ती निघेलच असं सांगता येत नाही. आजार पुढे गेलेला आहे. काय ते लगेच ठरवा. सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "इचारता काय डाक्टर? करा की!" भाऊजी सही करायला पुढे झाले, नर्सनं कागद कुठे धरायचा ते दाखवलं.

मी भिंतीला टेकून उभी होते, मोठी जाऊ जिथे उभी राहते तिथे, सगळ्यांच्या मागे. मला वाटलं, भाऊजी एकदा मागे वळून बघतील, विचारतील, वहिनी, तुम्हाला काय वाटतं? ते वळले नाहीत. पेनाचं टोपण काढलं...

"तिला मशीन नको होतं."

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. सगळे वळले. आई म्हणाल्या, "विमल, गप बस गं!" मी गप्प बसले नाही. म्हटलं, "तिनं मला सांगितलंय. मशीनवर ठेवू नका, घरी न्या, असं. शुद्धीत असताना सांगितलंय."

भाऊजी माझ्यापर्यंत चालत आले. "तुम्हाला सांगितलं? मला नाय?"

"हो."

"कशावरून?"

माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, "मी कधी मधे बोललेय का भाऊजी, आजपर्यंत?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मग भाऊजींनी पेनाला टोपण लावलं आणि नर्सच्या हातात दिलं. डॉक्टर म्हणाले, घरी नेत असाल तर दुखणं कमी ठेवायची औषधं लिहून देतो. भाऊजींनी नुसती मान हलवली.

घरी आणल्यावर तिचा ताप थोडा उतरला. माणसं ओळखू लागली. पलंग खिडकीशी ओढून घेतला. भाऊजी चमच्यानं पाणी पाजायचे. मी वाट बघत होते की ती त्यांना एकदा तरी सांगेल, ताईंनी बरोबर केलं, मीच म्हटलं होतं. तिनं ते सांगितलंच नाही. ते सोडून बाकी बोलली. झेंडूला कळ्या किती आल्या विचारलं. आईंना म्हणाली, "आई, तुम्ही खेळला असता तर म्हैस पाठीवर घेऊन गेला असता." आई रडता रडता हसल्या. एकदा तिनं भाऊजींच्या मोबाईलवर तो खेळ टाकून घेतला. ते म्हणाले, "बरी झाली की खेळू." तिनं डोळे मिटून घेतले.

गणपती बसायच्या आधी ती गेली. दहाव्याला आलेली माणसं घाटावरच बोलत होती, मशीनवर ठेवली असती तर वाचली असती, अमक्याची नळी निघाली. मी ऐकत होते. रोज मनात दवाखान्याचा तोच व्हरांडा येतो. पट्टी सरत असते, मी बोलते. मग वाटतं, बोलले नसते तर? खेळात निदान पहिल्यापासून सुरू करता येतं.

इथवर लिहून ठेवून दिलं होतं. मग दसऱ्याच्या दोन दिवस आधी दुपारी मी शेडमध्ये एकटी फुलं निवडत होते. भाऊजी आले. हातात मोबाईल. दारातूनच म्हणाले, "वहिनी."

मी मान वर केली नाही. भीती वाटली.

"म्हैस मी बांधूनच ठेवली."

"बरं."

"पाणी चढलंय गोठ्यात. म्हातारी परत निघालीय तिला सोडवायला. आता पुढं दाबायचं धाडस होत नाय." खाली पोत्यावर बसले. "अजून पण मला वाटतं, मी बांधूनच ठेवली असती. तिथं पण. दवाखान्यात."

"माहितीये मला."

"मग एक सांगा. तिनं तुम्हाला का सांगितलं? माझ्याबद्दल काय बोलली ती?"

हाच प्रश्न येईल म्हणून मी महिनाभर धास्तावले होते. काहीतरी गोड सांगता आलं असतं, तुम्हाला त्रास नको म्हणून, एवढंच. त्यांचा राग माझ्यावर राहिला असता, मी तो सोसला असता. खरं सांगितलं तर तो राग त्यांनी कुठे ठेवायचा? आणि शरयूनं तर मुद्दाम... मी हातातली फुलं टोपलीत टाकली. ठरवायला या वेळी कुणी घाई करत नव्हतं, तरी मी फार वेळ घेतला नाही.

"म्हणाली, संदीपनं घरी न्या म्हटलं, तर जन्मभर स्वतःला खात बसेल. तुम्ही म्हणा ताई. तो तुमच्यावर चिडेल, बोलायचा बंद होईल. चिडू द्या. त्याला कुणावर तरी चिडता आलं पाहिजे."

बाहेर मोटार चालू होती, तिचा आवाज येत राहिला.

"आणि तुम्ही हो म्हटलं?"

"मी म्हटलं, मला झेपायचं नाही. ती म्हणाली, झेपेल."

"म्हंजी मी चिडणार, हे पण तिनंच लिहून ठेवलेलं व्हय!" असं म्हणून ते हसले. खरंच हसले. मग गुडघ्यात डोकं घालून ते जे रडले, तसं मी त्यांना ती गेली तेव्हाही बघितलं नव्हतं. मी उठून पाणी आणून ठेवलं आणि परत फुलं निवडायला बसले. दुसरं काय करणार होते?

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पो आला. मी चुलीपाशी होते. अंगणातून हाक आली, नेहमीची, थोडी वैतागलेली.

"वहिनी, पिवळ्या झेंडूचे क्रेट आधी चढवू का नारंगी?"

आमचे हे तिथेच उभे होते. त्यांनाही विचारता आलं असतं.

"नारंगी खाली ठेवा," मी आतूनच मोठ्यानं म्हटलं, "पिवळा दबतो."