चुकीचं उत्तर पुसू नका

प्रा. सुनंदा खैरनार यांची आणि माझी पहिली भेट फळ्यासमोर झाली. मखमलाबादच्या बाजूला एका शाळेच्या दोन खोल्यांत आमच्या कॉलेजची मुलंमुली दर शनिवारी दुपारी लहान मुलांना शिकवायला जात. मी नांदगावहून नाशिकला आलेली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सातवीतल्या एका मुलीचं फळ्यावरचं गणित चुकलं. मी डस्टर उचलला, तोच मागून आवाज आला, "अगं थांब, थांब! इतकं सुंदर चुकलंय, मला आधी बघू तरी दे!" वळून पाहते तर हा उपक्रम सुरू करणाऱ्या खैरनार मॅडम, चष्मा कपाळावर सरकवून फळ्याला जवळजवळ नाक लावून उभ्या. मनात म्हटलं, बाई जरा विचित्रच दिसतायत.

आज मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत आणि माझं ते मत अजून तसंच आहे. फरक एवढाच, की आता ते मी कौतुकाने सांगते.

मॅडमचा विषय वनस्पतिशास्त्र, पण त्यांना कुतूहल सगळ्याचंच. त्या वेळेवर पोहोचल्याचं आमच्यापैकी कोणालाच आठवत नाही. नाशिकच्या द्वारका चौकात वाहतूक तुंबली की बाकीचे लोक कपाळाला हात लावतात, मॅडम रिक्षातून उतरून ती नेमकी कुठे आणि कशामुळे अडली ते पाहायला जातात! मग वर्गात येऊन उशिराबद्दल माफी मागायची सोडून तेच रंगवून सांगतात. आम्ही चिडायचो, आणि ऐकतही बसायचो.

या स्वभावातूनच त्यांनी आमच्या वर्गाचा नियम केला होता. मुलाचं उत्तर चुकलं तर ते पुसायचं नाही. "हे कसं आलं?" एवढंच विचारायचं आणि मग शिकवणाऱ्या ताईने किंवा दादाने गप्प बसायचं. कॉलेजच्या पोरांना गप्प बसवणं काय असतं, हे हा लेख वाचणाऱ्या प्राध्यापक मंडळींना मी वेगळं सांगायला नको. आम्हाला उत्तर सांगायची कोण घाई! मॅडम मात्र बाकावर मांडी घालून तासन्‌तास वाट पाहू शकत.

त्या पहिल्या दिवशी फळ्यासमोर उभी होती ती रोहिणी. घरचं मेथी-कोथिंबिरीचं शेत. शाळेने तिच्यावर गणितात मठ्ठ असा शिक्का मारला होता आणि तिच्या आईने, लताबाईंनी, सातवीची परीक्षा झाली की तिचं नाव काढून तिला शेतात न्यायचं ठरवून टाकलं होतं. रोहिणीने हे आम्हाला अगदी सहज सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतेय.

गणित साधं होतं. चार बायका एक शेत सहा दिवसांत निंदतात, तर आठ बायकांना किती दिवस लागतील? रोहिणीने लिहिलं होतं, सहा. मॅडमनी विचारलं, "हे कसं आलं गं?" बराच वेळ ती पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिली. मग हळूच म्हणाली, "खुरपी चारच हायेत ना."

मॅडम टाळी वाजवून हसल्या. "अस्सं! आणि शेजारून चार उसनी आणली तर?"

"मग तीन दिवस. पण शेजारचे देत नाय."

मॅडमनी तिचं कौतुक केलं, पण तेवढ्यावर सोडलं नाही. परीक्षेत प्रत्येक बाईच्या हातात खुरपं आहे असंच धरायचं, हे त्यांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा सोडवून घेतलं. मग मला म्हणाल्या, "स्वाती, हिच्या घरी जायचंय. येतेस?"

आम्ही गेलो तेव्हा लताबाई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. मॅडम सरळ शेजारी बसल्या आणि एक जुडी बांधायला घेतली. ती लगेच सुटली. लताबाई हसून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ओ मॅडम. अन् ह्या पोरीपायी पण उगा टाईम घालवू नका. लय मठ्ठ हाय ती."

मला वाटलं, आता मॅडम शिक्षणाच्या महत्त्वावर बोलतील. छे! त्यांनी लताबाईंना तेच निंदणीचं गणित घातलं.

"सहाच की," लताबाई हात न थांबवता म्हणाल्या. "आठ खुरपी कुठून आणू?"

दारात उभी रोहिणी खुदकन हसली. मॅडम आपल्या नियमाप्रमाणे गप्प. लताबाईंनी लेकीकडे पाहिलं. "तू बी ह्येच लिव्हलं व्हतं?"

"हो."

"मंग चूक कामून दिली?"

पुस्तकात खुरपी प्रत्येकीला असतात, असं मॅडमनी समजावलं. "आसं व्हय," लताबाई म्हणाल्या, "मंग ते आधी सांगाया पायजे ना पोरीला." हातातली जुडी बांधून त्यांनी ढिगावर टाकली. मग म्हणाल्या, "बघू. आठवीला घालते. पुढचं पुढं."

परतीच्या रिक्षात मॅडमचे डोळे भरून आले होते. ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

मॅडमच्या मायेची तऱ्हाही अशीच. घरच्या आठवणीने मी कॉलेज सोडून नांदगावला निघाले होते, तेव्हा त्यांनी मला समजावलं नाही. घरी बोलावलं आणि "तुझी आई ती ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी कशी करते ते मला दाखव," म्हणाल्या. त्यांच्या भाकरीचे तुकडे तुकडे झाले. ते आम्ही ठेच्याशी खाल्ले आणि मी राहिले. आज मीही शिकवते.

रोहिणी दहावी झाली. गणितात जेमतेम निघाली, पण निघाली! लताबाई पेढे घेऊन वर्गावर आल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "आता फुडं काय शिकवू हिला? तुम्ही म्हणाल ते." मॅडम म्हणाल्या, "मला काय विचारता? ही काय इथेच उभी आहे."

रोहिणी पटकन बोलली, "मला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकायचंय. आयटीआयला."

लताबाई आता नाही म्हणणार, असं मला वाटलं. पण लताबाईंनी नाही म्हटलं नाही. बाकावर टेकल्या, आणि लेकीकडे नवलाने बघत म्हणाल्या, "का गं, मोटारीच का?" रोहिणी सांगू लागली आणि मॅडम मला दंडाला धरून हलकेच बाहेर घेऊन आल्या.

मॅडम, तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, तेही ठणठणीत. गुडघे कुरकुरू नयेत, डोळे शाबूत राहावेत. निवृत्तीनंतर विश्रांती घ्या, असं मी म्हणणार होते. पण या लेखासाठी लताबाईंना भेटले, तेव्हा त्यांनी निरोप दिला, तोच पोहोचवते: "मॅडमना म्हणावं, शंभर वर्सं जगा. वस्तीत अजून लय पोरी हायेत."