धोंडप्पाअण्णांची काहील

धोंडप्पाअण्णा गेल्या सोमवारी लिंगैक्य झाले. तवापासून पाहुणे फोनवर विचारायलेत, कोण हो हे अण्णा, अख्खं गाव रडायलंय? काय सांगू? पाटील न्हाईत, पुढारी न्हाईत. मांजरेच्या काठावर आमचं गाव. पूल व्हायच्या आधी नदी चढली की गुऱ्हाळावरची, उसाचा रस आटवायची लोखंडी काहील हा माणूस पाण्यात सोडायचा. मधी स्वतः उभा, हातात लांब बांबू, आणि काहिलीच्या कडेला टेकून बसलेली माणसं. दवाखाना म्हणू नका, शाळा म्हणू नका, अण्णांनी पलीकडं न्हेलं न्हाई असं एक घर गावात सापडायचं न्हाई.

मी मात्र त्या काहिलीत कधी बसले नव्हते. पाण्याचं मला लई भ्या. सहा कोस फेरा मारून जाईन, पण काहील नको, असं मी चारचौघांत सांगायची.

सहा वर्षांखाली भादव्यात माझ्या अंबिकाला कळा सुरू झाल्या. आठ दिवसांनी माहेरी आणायची होती, पण पोटातल्याला आईपेक्षा घाई. औरादच्या दवाखान्यातनं जावयाचा फोन आला, "मामी, लौकर या, ती तुमच्याच नावानं रडायली." फेऱ्याच्या वाटेवरबी पाणी. मालक लातूरला. मी पळतच काठावर गेले.

तिथं दगडावर कोण बसलेलं? माझी धाकटी जाऊ, नेत्रावती. मांडीवर गाठोडं. तिच्या म्हशीनं माझी कडब्याची गंज विस्कटली होती. मी एक बोलले, ती चार बोलली, आणि चार वर्षं आमचं बोलणं बंद. अंबिका लहानपणी निम्मी तिच्याच चुलीम्होरं जेवलेली. तरी बी बंद. माझी जीभ अशी, काय करू?

"अण्णा, मला न्या," मी म्हणलं.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. "गीताक्का, एकटीला न्हेता येत न्हाई. काहील एका अंगाला झुकती. समोर दुसरं माणूस पायजे."

"मग आणा कुणाला तरी."

"हे काय, बसलंय की. चल गं नेत्रावती."

मला राग आला, पण पोरगी तिकडं अडकलेली. बसले. ती समोर, गुडघ्याला गुडघा. काठ सुटला अन् काहील गरकन फिरली. मी डोळे गच्च मिटले. तेवढ्यात माझे दोन्ही हात कुणीतरी धरले.

"अक्का, खाली बघू नको. माझ्याकडं बघ," नेत्रावती म्हणली.

चार वर्षांत पहिला शब्द. मी बघितलं. गाठोड्यातनं बाळासाठी धुऊन मऊ केलेली जुनी लुगडी डोकवायली होती. पलीकडं टेकेपर्यंत मी तिचे हात सोडले न्हाईत. दवाखान्यात पोचलो, तासाभरात नात झाली, मंजुश्री. पहिली तिला नेत्रावतीनंच लुगड्यात गुंडाळली.

आता अण्णांची माती झाल्यावर आम्ही दोघी त्यांच्या अंगणात बसलो होतो. भिंतीला काहील पालथी टेकवलेली, शेजारी एक काळा दगड. मी सहज चन्नव्वाला, अण्णांच्या बायकोला विचारलं, "हा कशाला ग जपून ठेवलास?"

"पलीकडं जायला एकटंच माणूस आलं की समोर हा ठेवायचे. वजन बरोबर व्हायचं. किती जणांना एकटं न्हेलंय."

सहा वर्षं मी त्या माणसाचं खोटं खरं धरून बसले होते. नेत्रावतीकडं वळले. "तुला ठाव होतं?"

"व्हय. दर बाजाराला मी एकटीच जायची की."

"मग त्या दिवशी बोलली कामून न्हाईस?"

"कशी बोलू, अक्का? ह्याच दगडावर बसले होते मी. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, तसा मी पदर नीट पसरला त्याच्यावर."

माती झालेल्या घरात हसू नये म्हणतात. मला हसू आलं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि तिच्याच खांद्यावर डोकं टेकून अण्णांसाठी पोटभर रडले.