ज्याला सगळे माज म्हणाले

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा नव्या कचेऱ्यांना माणसं हवी होती. माझे बाबा कारकून. ते बिलोली सोडून आम्हाला लातूरला घेऊन आले. घरात सगळे खूश होते. माझं मात्र नीट जेवणंच बंद झालं. खिडकी भलत्या बाजूला आली होती, आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा दिवसभर फटफटत असायचा. मी कानावर हात ठेवून कोपऱ्यात बसायची.

"समद्यांना जमतंय, हिलाच काय धाड भरली?" असं म्हणून माय पाठीत धपाटा घालायची.

नव्या शाळेत गुरुजींनी फळ्यावर गणित सोडवलं आणि विचारलं, "समजलं का?" सगळा वर्ग हो म्हणाला. मी म्हणाले, "न्हाई. तिसरी ओळ चुकली."

गुरुजींनी मला पुढं बोलावलं. मी त्यांच्या शर्टाच्या गुंडीकडं बघत उभी राहिले. समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचं बोलणं मला ऐकू येत नाही. आजही येत नाही. त्यांनी हनुवटी धरून माझा चेहरा वर केला. "बापाला सरकारी नोकरी लागली म्हणून लई माज आला का?"

तिसरी ओळ चुकलीच होती. ती तशीच राहिली आणि मी वर्गाबाहेर उभी राहिले.

घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "बाई, आपल्याकडं लोक आधीच बघून राहिलेत. आपल्याला असं वागून चालत न्हाई." आम्ही बौद्ध. माझी प्रत्येक गोष्ट लोक आमच्या समाजाच्या नावावर जमा करायचे. मी गप्प बसले तर घुमी, खरं बोलले तर माजोरी. मग मी हसायला शिकले. आरशासमोर उभं राहून, कुठं किती हसायचं ते पाठ केलं. बी.एड. करताना, नोकरीच्या मुलाखतीत, पाहुण्यांसमोर तेच पाठ केलेलं हसू वापरलं. तरी दोन स्थळं मोडली. एका मुलाच्या आईनं सांगून पाठवलं, "पोरगी शिकलेली हाय, पण माणसात न्हाई."

पुढं मी लातूरलाच ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवू लागले. बाबा गेले. घरात माय आणि मी, एवढंच राहिलं.

मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. गल्लीत टँकर यायचा. नंबरानं पाणी मिळायचं. पंपाची घरघर, घागरींचा खणखणाट आणि बायकांचा आरडाओरडा सुरू झाला की माझ्या दातांतून कळ जायची. एकदा कोपऱ्यावरच्या घरातल्या बाई माझ्याजवळ आल्या. "मॅडम, तुमी दोघीच. आज तुमचा नंबर आमाला द्या की."

मी म्हणाले, "नाही."

तेवढंच. आता कळतं की तिथं 'अहो, दिला असता, पण मायला बरं नाही' असं काहीतरी म्हणायचं असतं. पण आमच्याही घरात पाणी नव्हतं, आणि 'नाही' हे खरं उत्तर होतं. त्या मागं वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "सवलतीत नोकऱ्या मिळाल्या. आता पाण्याचा बी माज."

पाण्यावरून असं बोलणं आमच्या घराला नवं नव्हतं. मी घागरी भरल्या, घरी आले आणि दार लावून घेतलं.

त्याच उन्हाळ्यात स्टाफरूममध्ये कुणीतरी टाकलेली एक पुरवणी हाताला लागली. ॲस्परजर सिंड्रोमवरचा लेख होता. नजरेला नजर देता न येणं, आवाजांचा त्रास, आडून बोललेलं न कळणं, ठरलेलं बदललं की जीव कासावीस होणं. मी उभ्याउभ्या तो वाचत राहिले. तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी हलले नाही. माझी जिंदगी कुणीतरी मला न विचारता छापली होती. आधी आनंद झाला. तो जिना उतरेपर्यंत टिकला. खाली आले तेव्हा अंगाचा नुसता संताप झाला होता. हे माहीत असणारी माणसं जगात होती, आणि मी पाठीत धपाटे खात होते.

लातुरात ओळखीचे फार, म्हणून नांदेडच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी नोकरीचं विचारलं, लग्नाचं विचारलं. म्हणाले, "हे लहान मुलांत असतं. तुम्ही तर चांगल्या कमावत्या आहात." मग आवाज मऊ करून त्यांनी विचारलं, "कुठल्या समाजाच्या?" मी सांगितलं. त्यांनी समाधानानं मान हलवली. "मग बरोबर आहे. हा न्यूनगंड आहे, मॅडम. तुमच्यातल्या शिकलेल्या लोकांत दिसतो."

मी म्हणाले, "डॉक्टर, मला माझ्या समाजाचा न्यूनगंड नाही. मला तुमच्या ट्यूबलाइटचा त्रास होतोय. ती मघापासून गुणगुणतेय."

त्यांनी वर बघितलं. "कुठं? मला तर काही ऐकू येत नाही."

"तेच सांगायला आलेय मी," असं म्हणून मी उठले. अर्ध्या वाटेपर्यंत एसटीत रडत होते, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं.

पुण्याच्या एका डॉक्टरीणबाई मोठ्या माणसांची तपासणी करतात, असं पुढं कळलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. तो जुना शब्द आता आम्ही वापरत नाही, त्याला ऑटिझममध्येच धरतो, असंही सांगितलं. म्हणजे मला शब्द सापडेपर्यंत तोही मोडीत निघाला होता. मग त्या म्हणाल्या, "लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेल्या माणसाशी बोलावं लागेल." तसं एकच माणूस उरलं होतं.

मी मायला समजावलं, आणि त्यांचा फोन आला तसा तो तिच्या कानाला लावला. ती पदर सारखा करून बसली, जणू कुणी पाहुणे आले होते.

"हाव बाई. लई गुणाची पोर. न्हाई न्हाई, कशाचाच तरास न्हाई. जेवायची, खेळायची. समद्यात मिसळायची."

मी समोर उभी होते. फोन ठेवून ती माझ्याकडं बघून हसली. "चांगलंच सांगितलं की."

"माय, तू खोटं का बोललीस?"

"मग काय परक्या बाईला सांगू, माझी लेक खराब हाय म्हणून?"

"मी खराब न्हाई! पण तू मला मारायचीस. गिरणी चालू झाली की मी कोपऱ्यात बसायची, आणि तू मला मारायचीस."

मायनं मान खाली घातली. "लोकं बोलायची गं," ती एवढंच म्हणाली.

मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी तिच्यासमोरच बसले, पुण्याला परत फोन लावला आणि म्हणाले, "डॉक्टर, आई जे बोलली ते खरं नाही. आता मी सांगते, आणि ती इथंच बसलीय." गिरणीपासून सुरुवात केली. माय उठून गेली नाही. बऱ्याच वेळानं, एका ठिकाणी मी अडखळले, तेव्हा ती खालच्या मानेनंच हळूच म्हणाली, "आन् तिला नवी चड्डी-फ्रॉक चालायचा न्हाई. अंगात घातला की फाडून टाकायची. ते बी सांग."