बिल्लेवाले काका

अमेरिकेतल्या एडिसनमधली मराठी मंडळी प्रल्हाद घोरपड्यांना 'बिल्लेवाले काका' म्हणत, आणि म्हणताना थोडं हसत. माणूस पापभीरू. विमा कंपनीच्या आयटीत सगळी नोकरी झाली, घर फिटलं, मुलगी नेत्रा ॲन आर्बरला विद्यापीठात नोकरीला लागली. बेसमेंटमध्ये मात्र मुसोलिनीची फौज नांदत होती. काचेच्या झाकणांखाली, काळ्या मखमलीवर, इटालियन सैनिकांच्या कॉलरवरच्या चांदण्या, टोप्यांवरचे गरुड, आणि काळ्या शर्टवाल्यांची ती खूण: दांडक्यांची मोळी आणि तिच्यात खोचलेली कुऱ्हाड.

"लोक देवाचे टाक जपतात, तुम्ही ही अवदसा जपता," त्यांच्या पत्नी शैलजाकाकू म्हणायच्या.

"शत्रू कोण होता ते कळायला नको?" काकांचं ठरलेलं उत्तर.

शत्रूशी घराचा खरोखरच संबंध होता. काकांचे थोरले चुलते दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीला गेले आणि तिथल्याच एका नदीकाठी पडले. त्यांच्या सोबत्याने सातारला घरी आणून दिला तो एक बिल्ला. मरता मरता चुलत्यांनी तो शत्रूच्या छातीवरून उपटला, असं घरात सांगितलं जाई. प्रल्हाद अमेरिकेला निघाले तेव्हा वडिलांनी तो त्यांच्या हातावर ठेवला. "तिकडे कुणाला तरी विचार, कुठल्या पलटणीचा ते."

विचारायला गेले आणि त्यातच बुडाले. गावोगावच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये जुन्या लष्करी वस्तूंचे बाजार भरत, तिथे शनिवार जाऊ लागले. खरा बिल्ला ठशातून दाबलेला, त्याच्या कडा धारदार. खोटा ओतलेला, त्याच्या पाठीवर बारीक बुडबुडे. मीनाकारी नवी असली की काचेसारखी चकाकते. हे सगळं बोटांना कळायला वर्षं गेली. चुलत्यांच्या बिल्ल्याचाही उलगडा झाला. तो कुठल्याच पलटणीचा नव्हता. काम सुटल्यावर कामगारांनी गाणी म्हणावीत, सहलीला जावं, म्हणून सरकारने काढलेल्या मंडळाचा तो बिल्ला, गल्लोगल्ली वाटलेला. आणि चुलते पडले तिथे समोर इटालियन नव्हतेच, जर्मन होते. बिल्ला त्यांना रस्त्यात सापडला, की कुण्या बाईने पावाच्या तुकड्याबदली दिला, कोण सांगणार? वडील तोवर गेले होते. काकांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही.

खरं तर तिथेच थांबायचं. पण इंटरनेटवरच्या एका मंचावर लोक त्यांना बिल्ल्यांचे फोटो पाठवून खरं-खोटं विचारू लागले होते. काका सविस्तर उत्तरं लिहीत. घरात ज्याचं कुणाला कौतुक नव्हतं, त्याचं तिथे होतं.

तिथेच ब्रेट भेटला. पेनसिल्व्हेनियाचा, तिशीच्या आतला, गोदामात कामाला. प्रत्येक वाक्यात 'सर'. पणजोबा इटलीहून आले म्हणे. एकदा तो बिल्ला घेऊन घरीच आला. लाल मीनाकारीचं 'एम' अक्षर आणि त्यात गुंफलेली मोळी. मुसोलिनीच्या नावाचं आद्याक्षर; त्याच्या खास मर्जीतल्या तुकड्यांना मिळायचं. काकांनी भिंगाखाली उलटसुलट पाहिलं. 'एम'च्या डाव्या पायाचा टवका उडाला होता.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "जप."

ब्रेटचे डोळे भरून आले. काकूंनी पोहे केले होते, त्याने दोनदा मागून घेतले. तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "आपल्या नेत्रालाही तुमचं इतकं ऐकवत नाही हो."

पुढच्या वर्षी नेत्राने एक फोटो पाठवला. कुठल्याशा गावात कोर्टासमोर मोर्चा, तोंडं झाकलेली पोरं, हातात फलक: बाहेरून आलेल्यांना परत पाठवा. खाली तिने लिहिलं होतं, 'बाबा, हे तुमच्या बेसमेंटमधलंच आहे ना?' काकांनी फोटो मोठा केला. काळ्या जॅकेटच्या कॉलरवर लाल 'एम'. डावा पाय टवका उडालेला.

त्यांनी ब्रेटला फोन लावला.

"तू आमच्या घरी जेवलास."

"सर, ते तुमच्याबद्दल नाही," तो नेहमीच्याच अदबीने म्हणाला. "तुम्ही चांगल्यांपैकी आहात."

मग त्याने काकूंची तब्येत विचारली आणि फोन ठेवला.

त्यांनी मंचवाल्यांना आपली सगळी उत्तरं काढून टाकायची विनंती केली. माहिती सगळ्यांची असते, ती काढत नाही, असं कळवण्यात आलं. मग संग्रह दान करायचं ठरवलं. नेत्राने दोन संग्रहालयांना विचारलं. कुठून आलं याचा पुरावा नसलेल्या वस्तू त्यांना नको होत्या. बाजारात मात्र घेणारे पुष्कळ. काका एक खोकं घेऊन गेले. टेबलासमोर दोन पोरं थांबली, एकाने मोळीवरून बोट फिरवलं, अगदी देवाच्या मूर्तीवरून फिरवावं तसं. काकांनी झाकण लावलं आणि घरी परतले.

"मग भंगारात टाका ना," नेत्रा फोनवर म्हणाली.

"टाकलं तरी मी लिहिलंय ते राहतंच ना गं. खरं कसं ओळखायचं, खोट्याने कसं फसायचं नाही, सगळं लिहून दिलंय मी त्यांना. व्यवस्थित. उदाहरणांसकट."

"तुम्हाला कधी वाटलं नाही का बाबा, हे लोक कशासाठी विचारतात?"

"वाटलं होतं," काका म्हणाले. "पण मला विचारत होते ना."

मग नेत्रा म्हणाली की यंदा उन्हाळ्यात लेकीला, अनिकाला, घेऊन यायला जमणार नाही. बेसमेंटला कुलूप लावतो, असं काका म्हणाले. प्रश्न कुलपाचा नाही, असं ती म्हणाली.

मंचावर अजून त्यांच्या नावाने प्रश्न येतात. काका ते उघडून वाचत नाहीत, पण उत्तरं जुनी पडून आहेत आणि लोकांना ती सापडतात. 'घोरपडे म्हणतात म्हणजे अस्सल,' असं कुणीतरी परवाच लिहिलं. ते काकूंनीच वाचून दाखवलं, कारण काकांना स्क्रीनवरचं आता नीट दिसत नाही. ऐकून त्यांनी मान हलवली आणि दुपारची औषधं घ्यायला उठले.